हनुवटीवरचं गोंदण

पुणे
९ जून २०२४

आदरणीय प्रभाकरकाका,
सादर नमस्कार.

मी रीता. नाचणगावच्या लक्ष्मणरावांची मुलगी. शाळा सुटली की पुलगावात तुमच्या स्टुडिओत येऊन रिटचिंगच्या टेबलाखाली बसणारी. आधी फोन केला होता. अंजूवहिनी म्हणाल्या, "ताई, बाबाले फोनवर काहीच ऐकू येत नाई. तुम्ही चिठ्ठी लिहा. चिठ्ठी ते तीन-तीनदा वाचतात." म्हणून हे पत्र. हाताने इतकं लिहायची सवय राहिली नाही, अक्षर सांभाळून घ्या.

काका, डिसेंबरमध्ये पुण्यात माझ्या फोटोंचं प्रदर्शन आहे. वीस वर्षांत काढलेल्या चेहऱ्यांतून साठ निवडले आहेत. पण अगदी पहिला फोटो माझा नसेल, तुमचा असेल. आमच्या नाचणगावच्या घरात, पुढच्या खोलीत, घड्याळाखाली लावलेला आईचा फोटो.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आई गेली तेव्हा मी अडीच वर्षांची होते. तिचा आवाज, हात, साडीचा वास, काहीही माझ्याकडे नाही. जे आहे ते त्या फोटोतलं. कपाळावर कुंकू, हनुवटीवर गोंदणाचे पाच ठिपके, आणि ती नजर. स्टुडिओतल्या फोटोत माणूस लेन्सकडे बघतो. आई बघत नाही. तिची नजर लेन्सच्या थोडी खाली उतरली आहे. मी जमिनीवर बसून अभ्यास करायचे तेव्हा ती बरोबर माझ्याकडे बघत असायची. मी गणितात नापास झाले तेव्हाही तशीच बघत होती. काहीतरी सांगायचं आहे आणि सांगता येत नाही, असं काहीतरी होतं त्या नजरेत. बारावीनंतर काय करणार, असं बाबांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, असा फोटो काढायला शिकायचं आहे. बाबा मला तुमच्याकडे घेऊन आले, ते तुम्हाला आठवत असेल.

तुमच्याकडून नागपूरला गेले, तिथे आठ वर्षं लग्नांचे फोटो काढले. मग पुणे. आता लोक विचारतात, तुमच्या फोटोतली माणसं अशी कशी बघतात? मी समोर बसलेल्याला एवढंच सांगते, लेन्सकडे बघू नका, माझ्या गुडघ्यापाशी बघा, तिथे कोणी लहान मूल बसलंय असं समजा. एसटीचे कंडक्टर, नर्सबाई, कापसाच्या जिनिंगमधल्या बाया, निवृत्त न्यायाधीश, सगळ्यांना हेच सांगते. माझी कला म्हणतात ती एवढीच, आणि ती त्या भिंतीवरून उचललेली आहे.

आता अडचण सांगते. बाबांना जाऊन पाच वर्षं झाली. घर बंद असतं, चुलतभाऊ निकेश अधूनमधून उघडतो. त्याने कळवलं की भिंतीला ओल आली आणि फोटो काचेला चिकटला. तुम्ही निगेटिव्ह बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत सालवार लावून ठेवायचे. १९८२ किंवा त्याआधीचा डबा असेल. मला तेवढी एक निगेटिव्ह हवी आहे.

तुमची,
रीता


पुलगाव
२४ जून २०२४

चि. रीता,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अंजूने सांगितलं तसं तीनदा वाचलं. तू टेबलाखाली बसायचीस हे खरं, पण तिथे बसून माझ्या रिटचिंगच्या पेन्सिली चावायचीस, हे लिहायचं विसरलीस. माझी एकही पेन्सिल मागच्या टोकाला धड नव्हती.

माझं बरं चाललं आहे. कान गेले, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे. निकेशचे वडील मधूनमधून येऊन बसतात. ते बोलतात आणि मी त्यांचं तोंड बघतो. आयुष्यभर तोंडंच बघितली, त्यामुळे फारसं अडत नाही.

निगेटिव्ह राहिल्या नाहीत. २००९ साली स्टुडिओ बंद केला तेव्हा नागपूरचा एक माणूस त्यातल्या चांदीसाठी सगळे डबे घेऊन गेला. पुलगाव-नाचणगावचे तीस वर्षांचे चेहरे एका हातगाडीवरून गेले. मी दारात उभा होतो.

आणखी एक सांगतो, रागावू नकोस. तो फोटो प्रदर्शनात लावू नकोस. घरातला फोटो घरात बरा. शिवाय तो काही माझा चांगला फोटो नाही. नजर चुकलेली आहे. त्या काळी अशी प्रिंट आली तर आम्ही फाडून टाकायचो आणि माणसाला परत बसवायचो. तुझे स्वतःचे साठ आहेत ना, त्यातला एखादा पुढे ठेव.

प्रदर्शनाला खूप खूप शुभेच्छा. अंजू नमस्कार सांगते.

प्रभाकरकाकाचे आशीर्वाद


पुणे
११ जुलै २०२४

प्रिय काका,

रागावले नाही, पण हसू आलं. ज्या चुकीवर माझं सगळं आयुष्य उभं आहे तिला तुम्ही फाडून टाकायला निघालात. मग ती का नाही फाडली?

मी मागच्या आठवड्यात नाचणगावला जाऊन आले. फोटो काचेसकट पुण्याला आणला आणि चार दिवस ओलाव्यात ठेवून हळूहळू सोडवला. डाव्या गालाचा थोडा भाग गेला, बाकी वाचला. पण त्यात दोन गोष्टी सापडल्या. त्यांच्यामुळे मला झोप येत नाही.

एक म्हणजे, फोटोच्या मागे तुमच्या अक्षरात तारीख आहे, १४-३-८२. आई गेली २० फेब्रुवारीला. म्हणजे ही प्रिंट आई गेल्यावर तीन आठवड्यांनी काढलेली. म्हणजे तुम्ही ती दुसऱ्या कुठल्या तरी फोटोवरून मोठी केली असणार! काका, मग मूळ फोटो आहे. किंवा होता. कशातला होता तो? कुणाच्या लग्नातला? तिच्या शेजारी कोण होतं? ती उभी होती का, केवढी होती, हातात काय होतं? चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, पण रात्री उठून बसते आणि त्या फोटोच्या चारी बाजूंना काय असेल ते बघत राहते.

दुसरी गोष्ट गोंदणाची. स्कॅन मोठा करून पाहिला तर ते पाचही ठिपके फोटोत नाहीत, फोटोवर आहेत. तुमच्या ब्रशचे आहेत, मला तुमचा हात ओळखू येतो. मूळ फोटोत पुसट आले असतील म्हणून तुम्ही ठळक केले, असंच ना?

आईच्या माहेरचं आता एकच माणूस उरलं आहे, आंजीची वच्छलामावशी, आईची मोठी बहीण. पण ती आमच्याकडे येणं फार वर्षांपूर्वी बंद झालं. लहानपणी आठवते ती एवढीच की आली तरी सरळ स्वयंपाकघरात जायची, पुढच्या खोलीत बसायची नाही. आईच्या फोटोकडे तर मान वर करून बघायचीही नाही. मला तेव्हा वाटायचं, सख्खी बहीण असून हिला काहीच नाही. तरी फोन केला. तिचा मुलगा गजेंद्र म्हणाला, आईची तब्येत ठीक नाही, हृदय कमजोर झालंय, जुनं काही विचारू नका.

म्हणजे तुम्हीच उरलात, काका. मूळ फोटो कुणाकडे परत दिला होता, तेवढं आठवून बघा.

रीता


पुणे
२० ऑगस्ट २०२४

काका,

सहा आठवडे झाले. अंजूवहिनी म्हणाल्या, "बाबा लिहितात अन् फाडतात, लिहितात अन् फाडतात. काय लिहिलं होतं तुम्ही त्याइले?"

फाडलेल्यातलं एखादं पाठवलं तरी चालेल.

रीता


पुलगाव
२ सप्टेंबर २०२४

चि. रीता,

मूळ फोटो नाही. कधीच नव्हता. तुझ्या आईचा, आनंदाबाईंचा, एकही फोटो कुणी काढला नाही. लग्नात फोटोवाला बोलावला नव्हता, आणि माझ्या स्टुडिओची पायरी त्या कधी चढल्या नाहीत.

तुझ्याकडे आहे तो फोटो वच्छलाबाईंचा आहे.

ही ओळ लिहून मी पाच वेळा कागद फाडला. आज फाडत नाही.

तेरवी होऊन गेल्यावर लक्ष्मणराव माझ्याकडे आले. म्हणाले, "प्रभाकरभाऊ, पोरगी मायचं तोंड विसरून राह्यली. पहिले आठ दिवस घरभर ढुंढे. आता ढुंढत बी नाई. तिच्यासाठी मले एक फोटो पाहिजे." मी म्हणालो, फोटो कशावरून करू? ते म्हणाले, "वच्छला अन् ती, नाकडोळे एकच. सगळे म्हणत."

असं मी आधीही दोन-तीनदा केलं होतं. ज्यांचा फोटो नव्हता त्यांच्या जागी भावाला, बहिणीला बसवायचं, पागोटं नाहीतर साडी बदलायची, थोडा ब्रश फिरवायचा. आमच्या धंद्यात याला काही नाव नव्हतं. घरच्यांनी मागितलं की करायचं आणि कुठे बोलायचं नाही. म्हाताऱ्या माणसांचं असायचं, कुणाचं काही अडत नसे. पण वच्छलाबाई सत्तावीस वर्षांच्या होत्या, नवरा होता, अंगावर पिणारा गजेंद्र होता. जिवंत सवाष्ण बाईने हार घालायच्या फोटोसाठी बसायचं. आंजीला घरी न सांगता आल्या त्या. येताना पिशवीत तुझ्या आईची साडी होती.

चौदा मार्च. दुपारची वेळ, मिलचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. तू बापाच्या खांद्यावर झोपली होतीस. वच्छलाबाई पडद्यामागे जाऊन ती साडी नेसून बाहेर आल्या आणि तू जागी झालीस. तू "माय" म्हणालीस. खांद्यावरून घसरून उतरलीस, धावत गेलीस आणि त्यांच्या पायांना मिठी मारलीस. लक्ष्मणराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी कॅमेऱ्याचं काळं फडकं हातात धरून उभा होतो.

शेवटी मीच तुला सोडवलं. रडू नये म्हणून कॅमेऱ्याच्या पायांशी बसवलं आणि हातात पेन्सिल दिली. ती तू चावायला लागलीस. वच्छलाबाईंना मी तीन वेळा सांगितलं, ताई, लेन्सकडे बघा. त्यांनी बघितलं नाही. त्या तुझ्याकडे बघत होत्या. मी तुझी माय नाही हे सांगवत नव्हतं आणि आहे हेही म्हणवत नव्हतं, अशा बघत होत्या. मी बटण दाबलं. दुसऱ्यांदा बसवायची हिंमत मला झाली नाही.

गोंदण तुझ्या आईला होतं, वच्छलाबाईंना नव्हतं. ते मी लक्ष्मणरावांना विचारून नंतर रंगवलं.

बारावीनंतर तू स्टुडिओत येऊन म्हणालीस, "काका, मला आईसारखा फोटो काढायला शिकवा." तेव्हा तुझ्या मागे तुझे वडील उभे होते. त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. तुला दिसलं नाही, मला दिसलं. म्हणून शिकवलं आणि गप्प राहिलो. ज्या फोटोला मी चुकलेला म्हणालो त्याच्यासारखा दुसरा मला जन्मात काढता आला नाही, हेही खरं.

तुला जे वाटेल ते लिही. नाही लिहिलंस तरी चालेल.

प्रभाकर


पुणे
५ ऑक्टोबर २०२४

काका,

महिनाभर लिहिलं नाही. रागाने नाही. राग कुणावर धरायचा तेच ठरेना. तुमच्यावर धरावा तर तुम्ही सांगितलं म्हणून कळलं. बाबांवर धरावा तर त्यांनी माझ्यासाठीच केलं. एक दिवस आरशासमोर उभी राहिले, माझ्या चेहऱ्यात आईचं काही सापडतं का ते बघायला. पण तुलना करायची कशाशी? माझ्याकडे मावशी आहे फक्त.

मग कॅमेरा घेतला आणि वर्ध्याच्या गाडीत बसले. वर्ध्याहून एसटीने आंजीला.

मावशी ओसरीत खाटेवर होती. पायांवर सूज, बोलताना धाप. मला बघितलं आणि म्हणाली, "कोण, रीता? लय वाळली वं तू. पुण्यात खायले भेटत नाई का?"

मी म्हणाले, "मावशी, मले सगळं समजलं."

"प्रभाकरभाऊनं सांगतलं? बुढ्याच्या पोटात राह्यलं नाई शेवटी." मग म्हणाली, "मंग आता मले शिव्या द्यायले आली का फोटो काढाले?"

"फोटो काढाले."

काका, ती हसली. धाप लागेपर्यंत हसली. "माहा फोटो तं निंघला बाई. बेचाळीस वर्सं झाले, हार घालून राह्यले तुम्ही मले. तुह्या मायची तिथी आली की मी घरी बसून म्हणो, आज नाचणगावले मले हार पडला अशीन."

मग एकेक सांगत गेली. माझ्या आठव्या वर्षी आईच्या श्राद्धाला मावसा पहिल्यांदा आमच्या पुढच्या खोलीत जेवायला बसले आणि त्यांनी वर बघितलं. गोंदण रंगवलं म्हणून काय झालं, नवऱ्याला बायको ओळखू येणार नाही? ताटावरून उठले. घरी जाऊन म्हणाले, "जित्या बायकोले हार घातला माह्या." त्यानंतर मावशीचं नाचणगाव बंद झालं. आणि स्टुडिओतल्या त्या दिवसापासून मावशीने कुणाला फोटो काढू दिला नाही. लग्नात, बारशात, कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. मी विचारलं, काऊन? तर म्हणाली, "माहा फोटो आंजीत लागला अन् तुह्या मायचा नाचणगावले. कोणी ना कोणी दोन्ही पाह्यलेच असते. मंग तुले कोणी सांगतलं असतं. तुह्या बापानं मले शपथ घातली होती."

आम्ही मावशीला गर्विष्ठ म्हणायचो, काका. सगळं घर म्हणायचं.

मी विचारलं, त्या दिवशी स्टुडिओत मी तुझे पाय धरले तेव्हा तुला काय वाटलं? ती म्हणाली, "तू माय म्हणून राह्यली. म्या हो म्हणो का नाई म्हणो? अजून समजलं नाई मले."

उजेड चांगला होता. दाराच्या बाजूने येणारा, मऊ. मी कॅमेरा तिकाटण्यावर लावला. तिने पदर तोंडावर घेतला नाही. मी आतून बघितलं. आणि मी न सांगता तिची नजर खाली आली, माझ्या गुडघ्यापाशी. तीच. बेचाळीस वर्षांनी, सुजलेल्या पापण्यांतून, अगदी तीच. मग म्हणाली, "पाह्य. पाह्यचं तितकं पाह्य. पन दाबू नको."

मी बघत राहिले. दहा मिनिटं असेल. बोट बटणावर होतं. दाबलं नाही.

निघताना तिने जवळ बोलावून माझ्या हनुवटीला हात लावला. "इथं होतं तुह्या मायले. तीन टिपके. आमी दोघी संगच बसलो होतो गोंदाले. तिचं झालं, मी भेवून पयाली."

तीन म्हणाली ती. तुमच्या फोटोत पाच आहेत. आता वय झालं, विसरली असेल.

रीता


पुलगाव
१९ ऑक्टोबर २०२४

चि. रीता,

हे पत्र छोटं आहे. तू परत जा. दिवाळीच्या आत जा.

तू दाबलं नाहीस ते मला समजलं. तुझ्या जागी मी असतो तर मीही त्या वेळी दाबलं नसतं. पण मी तीस वर्षं या धंद्यात काढली आहेत. आपण दुसऱ्यांदा गेलो की नको म्हणणारं माणूस पदर नीट करून बसतं. सकाळी जा, नऊच्या सुमारास, चहा झाल्यावर. तिकाटणं नेऊ नकोस. त्यांना सांग, प्रभाकरने पाठवलं आहे. सांग, तेव्हा मी तुमचा चेहरा घेतला आणि दुसऱ्याचं नाव लावलं, आता तुमचा तुम्हाला परत करायचा आहे.

मला स्वतःला यायचं होतं. मुलगा म्हणतो, या डोळ्यांनी कुठे जाता.

प्रभाकरकाका


पुणे
२८ नोव्हेंबर २०२४

काका,

तुमचं पत्र वाचून दिवाळीनंतरचं तिकीट काढलं होतं. दिवाळीच्या आत जा असं तुम्ही लिहिलं होतं, मला माहीत आहे. प्रिंटांचं काम होतं. एवढंच कारण. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मावशी गेली.

मी पोहोचले तेव्हा सगळं झालं होतं. ओसरीत पाट मांडला होता, त्यावर दिवा होता, आणि दिव्यामागे काहीच नव्हतं. गजेंद्र म्हणाला, "ताई, आईचा एक बी फोटो नाई घरात. आधारकार्डावरचा मोठा करून आणला, तं ते कोणाचं बी तोंड वाटते. पोरायच्या मोबाईलमध्ये पाह्यलं, तं सगळीकडं पदर. तुम्ही तं कॅमेरा घेऊन आलत्या ना? एखादा तं काढला असन?"

लोक मला चेहऱ्यांची बाई म्हणतात, काका. मी त्याला नाही म्हणाले.

त्याला काही ठाऊक नव्हतं. मग मी सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे आमच्या आईचा फोटो तुमच्याइथं होता? इतके वर्सं?" ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

पुण्याला येऊन मी तो फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त करायला घेतला. गेलेला गाल भरला. मग गोंदण काढायला बसले. तुम्हाला ब्रशने घालायला किती वेळ लागला असेल ठाऊक नाही, मला काढायला एक पूर्ण दिवस लागला. एकेक ठिपका निघाला तशी आई जात गेली आणि मावशी येत गेली. शेवटचा निघाला तेव्हा पडद्यावर एक सत्तावीस वर्षांची बाई होती, जिला मी ओळखत नव्हते. तिची मोठी प्रिंट केली, चांगल्या लाकडाची चौकट केली आणि स्वतः आंजीला नेऊन दिली. गजेंद्रची धाकटी मुलगी म्हणाली, "ही आजी नाई. ही कोन आहे?" गजेंद्रने हार घातला.

आता माझ्याकडे काय राहिलं ते सांगते. ठिपके मी पुसले नव्हते. उचलून वेगळे ठेवले होते. चेहरा बाजूला केला तर पांढऱ्या पडद्यावर फक्त ते राहतात, पाच काळे ठिपके, तुमच्या हाताने टेकवलेले. त्या सबंध फोटोत माझ्या आईचं तेवढंच होतं.

त्याचीही एक प्रिंट केली. कोरा कागद, हनुवटीच्या जागी पाच ठिपके. प्रदर्शन पंधरा तारखेला उघडतं. पहिल्या भिंतीवर हीच लावायची, दुसरं काही नाही. पण मावशीचा शब्द मनातून जात नाही. ती तीन म्हणाली होती, आणि ती शेजारी बसलेली होती. बाबांनी तुम्हाला किती सांगितले होते? तुम्हीच दोन वाढवले का, शोभेसाठी? तसं असेल तर सांगा. मी दोन काढून टाकीन. माझ्याकडे तिचं जे आहे ते तरी खरं असू दे.

आठवून लिहा. वाट बघते.

रीता


पुलगाव
६ डिसेंबर २०२४

चि. रीता,
आशीर्वाद.

वच्छलाबाईंचं अंजूने वाचून सांगितलं, मोठ्याने, कानाशी. नंतर मी स्वतः भिंगाने वाचलं.

तुला पाच म्हणून लिहिलं असतं तर तू मानलं असतंस. तीन म्हणालो असतो तरी मानलं असतंस. दोन दिवस हाच विचार केला. पण एकदा आयुष्यभर गप्प बसून झालं आहे, म्हणून जसं झालं तसं लिहितो.

प्रिंट वाळत होती. तू बाकावर झोपली होतीस. लक्ष्मणरावांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "गोंदण राह्यलं." मी म्हणालो, कागदावर काढून दाखवा. त्यांना काढता येईना. मग त्यांनी माझ्याच हनुवटीवर बोट टेकवून दाखवलं. इथे, इथे, इथे. तीन वेळा. मग थांबले. डोळे मिटले. आणि पुन्हा दोनदा टेकवलं. त्याच जागेवर की शेजारी, ते मला कळलं नाही. माझीच हनुवटी, मला दिसत नव्हती. आणि माणूस रडत होता, त्याला विचारवलं नाही.

शोभेसाठी मी काही केलं नाही, रीता. ठिपके किती होते ते मला माहीत नाही. त्यांचं बोट जितक्यांदा टेकलं, तितके मी दिले.

तुझा
प्रभाकरकाका